मृत्यूंचा हिशेब ठेवणारा डॉक्टर

साथ आली की आकड्यांची आठवण होते आणि साथ ओसरली की त्यांचा विसर पडतो. लंडनमधील एका सरकारी कचेरीत बसून तब्बल चाळीस वर्षे हा विसर पडू न देणाऱ्या डॉ. विल्यम फार यांच्या आयुष्याचा हा परिचय.

पावसाळा सुरू झाला की आपल्याकडच्या वर्तमानपत्रांत दरवर्षी काही ठरावीक बातम्या येऊ लागतात. अमुक तालुक्यात गॅस्ट्रोचे रुग्ण वाढले, तमुक शहरात डेंग्यूने डोके वर काढले, मुंबईत लेप्टोचे बळी गेले. या बातम्यांतील आकडे कुणी मोजले, कुठल्या कागदावर लिहिले आणि कुणाकडे पाठवले, हा प्रश्न सहसा कुणाच्या मनात येत नाही. गावच्या उपकेंद्रापासून राज्याच्या आरोग्य खात्यापर्यंत जाणाऱ्या आकड्यांच्या या साखळीला आज रोगसर्वेक्षण म्हणतात. अशी साखळी वर्षानुवर्षे अखंड चालवता येते आणि तिच्या आधारे साथीचे मूळ शोधता येते, हे एकोणिसाव्या शतकात विल्यम फार या इंग्रज डॉक्टरने दाखवून दिले. विशेष म्हणजे ज्या पटकीच्या साथींमुळे त्यांचे नाव झाले, त्या पटकीच्या कारणाविषयी ते स्वतः अनेक वर्षे चुकीचे मत बाळगून होते. ती चूक त्यांच्याच तक्त्यांनी दुरुस्त केली. त्यांच्या कार्याचे खरे मर्म या विसंगतीत आहे.

दारिद्र्यातून पॅरिसपर्यंत

विल्यम फार यांचा जन्म ३० नोव्हेंबर १८०७ रोजी इंग्लंडच्या श्रॉपशर परगण्यातील केन्ली या खेड्यात झाला. घरची परिस्थिती हलाखीची होती. पाच भावंडांत ते थोरले. डॉरिंग्टन येथील जोसेफ प्राइस या सधन गृहस्थाने या हुशार मुलाला आपल्या आश्रयाला घेतले आणि त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. पुढे श्रूजबरीच्या रुग्णालयात शल्यवैद्याच्या हाताखाली मलमपट्टी करण्याचे काम विल्यमने पत्करले. १८२८ मध्ये प्राइस वारले. मृत्यूपूर्वी त्यांनी विल्यमच्या नावे पाचशे पौंड ठेवले होते. त्या पैशांवर तो वैद्यक शिकण्यासाठी पॅरिसला गेला.

त्या काळी पॅरिसच्या रुग्णालयांत एका नव्या विचाराने मूळ धरले होते. पिअर लुई यांच्यासारखे वैद्य प्रत्येक रुग्णाची नोंद ठेवून आणि त्यांची मोजदाद करून उपचारांचा खरेखोटेपणा पडताळत होते. शरीरातून रक्त काढण्याचा शतकानुशतके चालत आलेला उपचार खरोखर गुणकारी आहे काय, अशी शंका आकड्यांच्या आधारे विचारण्याचे धाडस तेथे होत होते. आजार मोजता येतो, ही जाणीव तरुण फार यांनी तेथून सोबत आणली.

१८३१ मध्ये ते मायदेशी परतले. पुढच्याच वर्षी त्यांनी औषधवैद्याची परवानगी मिळवली आणि लंडनमध्ये दवाखाना थाटला. व्यवसायात त्यांचा जम बसला नाही. वैद्यकीय नियतकालिकांत लेख लिहून ते संसाराला हातभार लावत. १८३७ मध्ये त्यांची पत्नी क्षयाने वारली. त्याच वर्षी ब्रिटिश साम्राज्याच्या सांख्यिकीवरील एका ग्रंथात त्यांचे जीवनविषयक आकडेवारीवरचे प्रकरण प्रसिद्ध झाले आणि जाणकारांचे लक्ष या अपरिचित डॉक्टरकडे वळले.

मृत्यूला एकच नाव

तोवर इंग्लंडमध्ये जन्म-मृत्यूची नोंद म्हणजे चर्चच्या दप्तरातील बाप्तिस्मा आणि दफन यांची नोंद होती. वेगळ्या पंथाची माणसे त्या दप्तरातून निसटत. १८३६ मध्ये नवा कायदा झाला आणि १ जुलै १८३७ पासून इंग्लंड व वेल्समध्ये सरकारी नोंदणी सुरू झाली. देशाची विभागणी करून दोन हजारांहून अधिक स्थानिक निबंधक नेमण्यात आले. प्रत्येक नोंदीमागे त्यांना ठरावीक मेहनताना मिळे. या साऱ्यांचे कागद लंडनच्या सॉमरसेट हाउसमधील महानिबंधक कार्यालयात येऊन पडू लागले. मृत्यूच्या नोंदीत कारणाचाही रकाना होता. पण आलेल्या ढिगाचे करायचे काय, हे सांगणारा माणूस कार्यालयात नव्हता. १८३९ मध्ये ती जागा फार यांना मिळाली. हुद्दा साधा होता. नोंदींचे गोषवारे तयार करणे, एवढेच त्यात अपेक्षित होते.

पहिली अडचण नावांची निघाली. एकाच रोगाला एक डॉक्टर एक नाव देई, दुसरा दुसरे. कुठे लक्षणालाच कारण म्हणून लिहिलेले असे, तर कुठे कारणाऐवजी मोघम शब्द असत. वजन-मापांशिवाय जसा व्यापार चालत नाही, तसा ठरलेल्या नावांशिवाय रोगांचा हिशेब लागत नाही, हे डॉ. फार यांनी पहिल्याच अहवालापासून आग्रहाने मांडले. त्यांनी रोगांची पद्धतशीर यादी तयार केली आणि निबंधकांसाठी सूचना लिहिल्या. १८४५ मध्ये देशभरातील डॉक्टरांना मृत्यूच्या कारणाचे छापील कोरे दाखले पाठवण्यात आले. कायद्याची सक्ती नसतानाही त्यांतील बरेच दाखले भरून येऊ लागले. दाखला सक्तीचा होण्यास १८७४ साल उजाडावे लागले.

रोगांच्या नावांचा हा प्रश्न पुढे इंग्लंडपुरता उरला नाही. १८५३ मध्ये ब्रुसेल्सच्या आंतरराष्ट्रीय सांख्यिकी परिषदेने सर्व देशांना चालेल अशी मृत्यूकारणांची यादी करण्याचे काम डॉ. फार आणि जिनिव्हाचे मार्क देस्पीन यांच्यावर सोपवले. दोघांनी दोन वेगवेगळ्या याद्या दिल्या आणि पॅरिसच्या परिषदेने १८५५ मध्ये त्यांतून १३९ नोंदींची तडजोडीची यादी मान्य केली. रोगांची मांडणी प्रामुख्याने शरीराच्या अवयवांनुसार करण्याचे डॉ. फार यांचे तत्त्व मात्र टिकून राहिले. आज जगभरातील रुग्णालयांत वापरले जाणारे आंतरराष्ट्रीय रोगवर्गीकरण याच परंपरेतून वाढले आहे. त्याची अकरावी आवृत्ती जानेवारी २०२२ पासून लागू झाली.

भुकेचे त्रेसष्ट बळी

आकडे गोळा करणे हे निरुपद्रवी काम आहे, असा समज असतो. डॉ. फार यांचा तो समज पहिल्याच अहवालाने दूर केला. १८३७ च्या उत्तरार्धातील मृत्यूंच्या तक्त्यात त्यांनी ६३ मृत्यू उपासमारीच्या रकान्यात दाखवले आणि भूक ही अनेकदा रोगाच्या आडून मारते, असे मत नोंदवले. नव्या दारिद्र्य कायद्याचे मुख्य कारभारी एडविन चॅडविक यामुळे संतापले. सरकारी मदतीची व्यवस्था असताना माणसे उपाशी मरतात, असे सरकारचाच अहवाल सांगू लागला, तर त्या व्यवस्थेचे काय राहिले? नोंदीत मृत्यूच्या कारणाचा रकाना आणण्यामागे याच चॅडविक यांचा हात होता, हा त्यातला विरोधाभास.

चॅडविक यांचे पद मोठे होते आणि फार नुकतेच नोकरीला लागलेले होते. तरीही त्यांनी आकडा मागे घेतला नाही. लेखी आक्षेपाला त्यांनी लेखी उत्तर दिले. रोगसर्वेक्षणाच्या इतिहासातील हा प्रसंग मोलाचा मानावा लागेल. नोंद करणारा आणि त्या नोंदीमुळे अडचणीत येणारा हे दोघे एकाच सरकारच्या सेवेत असतात, तेव्हा नोंद करणाऱ्याच्या स्वातंत्र्याची कसोटी लागते.

आठवड्याचा तक्ता

१८४० पासून लंडनमधील मृत्यूंचा साप्ताहिक तक्ता नियमितपणे प्रसिद्ध होऊ लागला. कोणत्या भागात, कोणत्या वयाचे, कोणत्या कारणाने किती लोक गेले, हे दर आठवड्याला वर्तमानपत्रांपर्यंत आणि डॉक्टरांपर्यंत पोहोचू लागले. साथ असो वा नसो, तक्ता निघे. साथ नसतानाच्या आठवड्यांची नोंद हातात असल्यामुळेच साथीचे आकडे किती वेगळे आहेत, हे कळत असे. १८४७ च्या अखेरीस लंडनमध्ये इन्फ्लुएन्झा पसरला, तेव्हा त्या रोगाच्या नावावर नोंदलेले मृत्यू तुलनेने थोडे होते. डॉ. फार यांनी नेहमीच्या मृत्यूंपेक्षा किती अधिक माणसे गेली, हे मोजून साथीचा खरा आवाका दाखवला. कोविडच्या काळात जगभर चर्चेत आलेली अतिरिक्त मृत्यूंची कल्पना ती हीच.

१८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात प्लेग आला, तेव्हाही हेच अनुभवाला आले. डॉ. अकासियो व्हिएगस या मूळच्या गोमंतकीय डॉक्टरांनी रोग ओळखला. पण प्लेग म्हणून कळवलेल्या मृत्यूंपेक्षा शहरातील एकूण मृत्यूंची वाढच साथीचे उग्र रूप अधिक प्रामाणिकपणे सांगत होती. विलगीकरणाच्या आणि झडत्यांच्या भीतीने लोक रोग लपवत. मृतदेह लपवणे मात्र कठीण होते.

आकड्यांना कायद्याचे बळही मिळाले. १८४८ च्या सार्वजनिक आरोग्य कायद्यानुसार ज्या ठिकाणी हजारी २३ हून अधिक मृत्यू होत, तेथे स्थानिक आरोग्य मंडळ लादण्याचा अधिकार मध्यवर्ती मंडळाला होता. डॉ. फार यांनी देशातील निरोगी जिल्हे निवडून हजारी १७ हे प्रमाण कसोटी म्हणून पुढे ठेवले. त्याहून जास्त झालेले मृत्यू हे टाळता येण्याजोगे होते, असा त्याचा सरळ अर्थ. शहरांच्या कारभाऱ्यांना ही तुलना झोंबत असे.

देवीच्या साथीच्या आकड्यांवरून साथीचा चढ आणि उतार एका नियमित वक्ररेषेत होतो, असेही त्यांनी १८४० मध्ये दाखवले. १८६६ मध्ये गुरांच्या बुळकांडीने इंग्लंड हादरले असताना ही साथ लवकरच ओसरेल, असे भाकीत त्यांनी वर्तमानपत्रातून केले आणि साथ खरोखर ओसरली. मात्र हा नियम आंधळेपणाने लावण्याजोगा नाही. १९९० मध्ये अमेरिकेतील एड्सच्या साथीला तो लावून केलेले भाकीत साफ चुकले.

हवा की पाणी?

१८४८-४९ च्या पटकीने इंग्लंड व वेल्समध्ये पन्नास हजारांहून अधिक बळी घेतले. डॉ. फार यांनी या साथीवर १८५२ मध्ये विस्तृत अहवाल प्रसिद्ध केला. लंडनमध्ये थेम्सच्या पातळीपासून वीस फुटांच्या आतील वस्त्यांत दर दहा हजारांमागे १०२ मृत्यू, तर ३४० ते ३६० फूट उंचीवर अवघे ८, असा आकड्यांचा सुंदर जिना त्यांना दिसला. नदीकाठच्या कुजक्या, दूषित हवेतून पटकी पसरते, या त्या काळच्या समजुतीला याहून भक्कम पुरावा कोणता असणार? आकडे बरोबर होते, निष्कर्ष चुकला होता. सखल भागातील माणसे जी हवा घेत होती, तिच्या जोडीने तेथील गटारांनी नासलेले पाणीही पीत होती.

जॉन स्नो या डॉक्टरांना पाण्याचा संशय होता. १८५४ मध्ये पटकी परतली, तेव्हा त्यांनी महानिबंधक कार्यालयाकडे मृतांचे पत्ते मागितले. डॉ. फार यांना स्नो यांचे मत पटलेले नव्हते, तरी त्यांनी माहिती अडवली नाही. उलट दक्षिण लंडनच्या निबंधकांना त्यांनी सूचना दिली, की पटकीने मृत्यू झालेल्या प्रत्येक घराला कोणत्या कंपनीचे पाणी येते, तेही लिहून घ्यावे. एका कंपनीने आपला उपसा १८५२ मध्ये शहराच्या वरच्या अंगाला, स्वच्छ पाण्याकडे हलवला होता. दुसरी कंपनी शहरातील घाण मिसळलेले पाणीच पुरवत होती. साथीच्या पहिल्या सात आठवड्यांत दुसऱ्या कंपनीच्या दर दहा हजार घरांमागे ३१५ मृत्यू झाले, पहिलीच्या ३७. ब्रॉड स्ट्रीटच्या प्रसिद्ध पंपाचा शोधही स्नो यांनी कार्यालयातून मिळालेल्या ८३ मृत्यूंच्या यादीवरूनच सुरू केला होता.

एवढे होऊनही शासकीय वैज्ञानिक समितीने स्नो यांचे म्हणणे फेटाळले. डॉ. फार त्या समितीचे सदस्य होते. १८५८ मध्ये स्नो वारले.

मग १८६६ चा उन्हाळा आला. साप्ताहिक तक्त्यात पटकीचे मृत्यू पूर्व लंडनमध्येच साचताना दिसू लागले. या वेळी डॉ. फार यांनी उंची पाहिली नाही, पाणीपुरवठ्याची हद्द पाहिली. मृत्यूंचा पट्टा ईस्ट लंडन कंपनीच्या ओल्ड फोर्ड येथील जलाशयाच्या पुरवठ्याशी जुळत होता. कंपनीने वर्तमानपत्रातून इन्कार केला. गाळल्याशिवाय एक थेंबही पाणी दिलेले नाही, असा तिचा दावा होता. दरम्यान काही ग्राहकांच्या नळांत चक्क वाम मासे सापडले. चौकशीत न गाळलेले पाणी उघड्या तलावातून सोडले गेल्याचे निष्पन्न झाले. शहराच्या इतर भागांत नवी गटारे झाली होती, पूर्व भागातील काम मात्र अपुरे होते. या साथीत लंडनमध्ये साडेपाच हजारांहून अधिक माणसे मेली. १८६८ च्या अहवालात डॉ. फार यांनी पाण्याची बाजू निःसंदिग्धपणे मांडली आणि स्नो यांचे श्रेय मान्य केले. आपल्याच नावाने गाजलेला उंचीचा सिद्धांत त्यांनी मागे सारला. पटकीचा जंतू रॉबर्ट कॉख यांनी कलकत्त्यात ओळखला, तोवर १८८४ साल उजाडले होते. म्हणजे जंतू दिसण्यापूर्वीच तक्त्यांनी त्याचा मार्ग दाखवला होता.

नाइटिंगेल, हिंदुस्थान आणि अखेर

१८५६ मध्ये क्रिमियाहून परतलेल्या फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांची डॉ. फार यांच्याशी गाठ पडली. लष्करी रुग्णालयांतील मृत्यूंचे आकडे कसे मांडावेत, कशाची तुलना कशाशी करावी, यात ते त्यांचे मार्गदर्शक बनले. १८५९ मध्ये हिंदुस्थानातील लष्कराच्या आरोग्याची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या शाही आयोगाचे डॉ. फार सदस्य होते. १८६३ च्या अहवालाने येथील गोऱ्या सैनिकांत वर्षाला हजारी ६९ मृत्यू होतात, हे उघड केले. त्यातील फारच थोडे रणांगणावर होत. बहुतेक मृत्यू छावणीतील पाणी, गर्दी आणि घाण यांमुळे होत. त्यानंतर १८६४ मध्ये मुंबई, मद्रास आणि बंगाल या तिन्ही इलाख्यांत आरोग्य आयोग स्थापन झाले. सुरुवात सैनिकांच्या काळजीपोटी झाली होती. रयतेचे आरोग्य त्या मानाने फार उशिरा ध्यानात घेतले गेले, हेही नमूद केले पाहिजे.

१८७९ मध्ये महानिबंधक जॉर्ज ग्रॅहम निवृत्त झाले. ते पद आपल्याला मिळेल, अशी डॉ. फार यांची रास्त अपेक्षा होती. नेमणूक दुसऱ्याची झाली. प्रकृतीही ढासळत चालली होती. त्यांनी राजीनामा दिला आणि १४ एप्रिल १८८३ रोजी लंडनमध्ये त्यांचे निधन झाले. त्या आठवड्याच्या मृत्यूंत त्यांचाही एक आकडा मिळवला गेला. तक्ता मात्र थांबला नाही. इंग्लंड व वेल्समधील साप्ताहिक मृत्यूंची आकडेवारी आजही प्रसिद्ध होते. अमेरिकेत विसाव्या शतकात रोगसर्वेक्षणाची घडी बसवणारे अलेक्झांडर लँगम्युअर यांनी १९७६ मध्ये या शास्त्राच्या संस्थापकाचा मान डॉ. फार यांना दिला.

आपला रकाना

या व्यवस्थेत उणिवाही होत्या. ती मृत्यू मोजत असे, आजारी माणसे मोजत नसे. संसर्गजन्य आजार कळवण्याचा कायदा इंग्लंडमध्ये १८८९ मध्ये, म्हणजे डॉ. फार यांच्या पश्चात झाला. पण ती टिकली कशी, हे आज पाहण्याजोगे आहे. तिच्यामागे कायदा होता, गावपातळीवर कामाचे पैसे मिळणारा माणूस होता, ठरलेली नावे होती, ठरलेला वार होता आणि आलेला आकडा सर्वांसमोर ठेवण्याची शिस्त होती. यांपैकी एकही गोष्ट साथीच्या घाईत उभी करता येत नाही.

आपल्या देशात जन्म-मृत्यू नोंदणीचा कायदा १९६९ मध्ये झाला. एकात्मिक रोगसर्वेक्षण प्रकल्प नोव्हेंबर २००४ मध्ये सुरू झाला आणि २०२१ पासून त्याची माहिती संगणकाधारित मंचावर घेतली जाऊ लागली. यंत्रणा आधुनिक झाली आहे. तरीही २०२० मध्ये देशात नोंदवलेल्या मृत्यूंपैकी केवळ २२.५ टक्के मृत्यूंच्या कारणाला वैद्यकीय दाखल्याचा आधार होता. म्हणजे दर दहांपैकी सात-आठ माणसे कशाने गेली, हे डॉक्टरच्या सहीने सांगता येत नव्हते. १८३९ मध्ये सॉमरसेट हाउसमधल्या त्या कारकुनी टेबलावर डॉ. फार यांच्यासमोर जो प्रश्न होता, तोच आपल्यासमोर आहे.

तो सोडवण्यासाठी आठवड्याचा अर्ज भरणाऱ्या आरोग्यसेविकेकडे साथ नसतानाही पाहावे लागेल. तिला अर्ज वेळेवर मिळतो काय, मेहनताना मिळतो काय, आणि तिने पाठवलेल्या आकड्याचे पुढे काय झाले हे तिला कुणी कळवते काय? पावसाळ्यातल्या पुढच्या बातमीतील आकडा खरा असेल की नाही, हे या प्रश्नांच्या उत्तरांवर ठरणार आहे.